तीन आठवड्यांपुरती कातडी

"चाळीस टक्के भाजली आहे," डॉक्टर म्हणाले. "पाठ आणि दोन्ही पाय. थर्ड डिग्री बर्न्स."

थर्ड डिग्री म्हणजे कातडीचे सगळे थर जळून जाणं. तिथे नवी कातडी आपोआप येत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला चाळीस टक्के म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होते आणि डोक्यात एकच घोळत होतं, तो फ्रॉक मी शिवला होता.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. गॅसला नंबर लावला होता, पण सिलिंडर आला नव्हता. नाताळ चार दिवसांवर आलेला. मी पंपाच्या स्टोव्हवर करंज्या तळत होते आणि एस्तेर नवा फ्रॉक घालून माझ्या मागे गिरक्या घेत होती. "जा, काढून ठेव" म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बघू, घेर कसा पडलाय." तिने घेर पसरला.

नायलॉन नुसतं जळत नाही, वितळून अंगाला चिकटतं. मी हातांनी ओढून काढायला गेले. शेजारणीने धावत येऊन खोबरेल चोपडलं. तुमच्यावर अशी वेळ न येवो, पण आलीच तर दुसरं काही लावू नका, गार पाणी ओतत राहा. आणि स्टोव्हपाशी पोरांना नायलॉन घालू देऊ नका. भेटेल त्या बाईला मी हे सांगते, तिला कंटाळा आला तरी सांगते.

इस्पितळात एक दिवसाआड ड्रेसिंग असे. ट्रॉलीची चाकं वाजली की एस्तेर आधीच ओरडायला लागायची. आमचे हे मिरजोळ्याच्या कारखान्यात फिटर, हाताने लोखंड वाकवणारा माणूस. पण ड्रेसिंग सुरू झालं की ते बाहेर पडायचे आणि मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत चालत जायचे. मला तेही करता येत नव्हतं. मी तिथेच उभी राहायची. तिचा हात धरावा तर माझे हात नव्हते.

दहाव्या दिवशी सर्जननी आम्हाला बोलावलं. मुंबईत शिकून आलेले तरुण डॉक्टर होते. म्हणाले, "जखमा अशा उघड्या राहिल्या तर जंतू शिरतील. तिची स्वतःची कातडी काढावी एवढी ताकद आत्ता तिच्यात नाही. होमोग्राफ्ट करून बघू."

होमोग्राफ्ट म्हणजे दुसऱ्या माणसाच्या मांडीची पातळ कातडी काढून जखमेवर बसवायची. ती कायमची धरत नाही. शरीर तिला परकी म्हणून ओळखतं आणि तीनेक आठवड्यांत ती गळून पडते. तोवर जखम झाकली जाते, दुखणं कमी होतं, अंगात थोडी शक्ती येते. मग तिची स्वतःची लावता येते.

माझ्या अंगात रक्त कमी, ह्यांना मधुमेह. आम्ही दोघंही बाद झालो. चर्चची माणसं रोज येत होती, अंडी-पाव आणत होती, प्रार्थना करत होती. गळून पडणार हे ऐकल्यावर ती जमिनीकडे बघायला लागली. मी त्यांना दोष देत नाही. दुसऱ्याच्या पोरीसाठी मी तरी मांडी पुढे केली असती का, देव जाणे.

आणि मग वन्सं आल्या. माझी नणंद, मार्था. वय अठ्ठावन्न, बालवाडीत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. चार वर्षं आमचं बोलणं नव्हतं. सासूबाईंच्या दफनाच्या दिवशी मी सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "सेवा करायला मी आणि रडायला ही." त्याआधी नऊ वर्षं आईचं सगळं त्यांनीच केलं होतं, हे मला ठाऊक होतं. माझी जीभच तशी. मनात वैर असताना चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घेऊ नये अशी आमच्यात रीत. तर चार वर्षं त्या मागच्या बाकावर बसून राहायच्या आणि मी खुशाल पुढे जाऊन भाकर घ्यायची.

त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. थेट डॉक्टरांना विचारलं, "तीन आठवडे टिकेल ना?"

"टिकेल. पण नंतर गळणार आहे, आजी. आणि तुम्हाला बरंच दुखेल. समजलंय ना?"

"समजलं ओ. मी तरी कुठे कायमची आहे? दोन्ही मांड्यांची घ्या."

संडे स्कूलमध्ये अकरा वर्षं मी मुलांना शिकवत आले, की प्रीती म्हणजे स्वतःला देणं. फळ्यावर खडूने वधस्तंभ काढायचा, वचन पाठ करून घ्यायचं, घरी जाऊन भात लावायचा. ती प्रीती मी त्या सकाळी पाहिली. स्ट्रेचरवर एक म्हातारी परकराची नाडी घट्ट धरून पडली होती आणि भीतीने तिचे दात वाजत होते.

पुढच्या ड्रेसिंगला एस्तेर ओरडली नाही. दोन दिवसांनी तिने बांगड्याचं कालवण मागितलं. वन्संची खाट शेजारीच होती.

"आत्या, माझ्या पाठीवर तुझी कातडी आहे? म्हणजे मी म्हातारी झाले?"

"अर्धी झालीस गो बाय. आता उठताना 'आई गं' म्हणायचं."

पोरगी हसली. भाजल्यापासून पहिल्यांदा हसली.

एका दुपारी ती झोपल्यावर मी म्हटलं, "वन्सं, त्या दिवशी मी जे बोलले..."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "मला राग आहे गो अजून. जाईल तेव्हा जाईल. तोवर पोरीला कशाला थांबवायची?"

कातडी लावल्यापासून एकोणिसाव्या दिवशी तिच्या कडा काळ्या पडून सुटायला लागल्या. हे होणारच होतं. पण सोबत ताप आला. सेप्टिसीमिया, म्हणजे जंतू रक्तात शिरले. बाविसाव्या दिवशी सकाळी, सिस्टर ताप बघत असताना, एस्तेर गेली.

दफनभूमीत कुणीतरी हळूच म्हणालं, "एवढं अंग सोलून दिलं म्हातारीने, वायाच गेलं." तुमच्या घरी असं कुणी करायला निघालं आणि तुम्हाला असंच वाटलं, तर माझं ऐका. वाया गेलं नाही. अठरा दिवस माझी मुलगी ओरडली नाही. जेवली, झोपली, हसली. हे मला दुसऱ्या कुणीही दिलं नसतं, मागूनही दिलं नसतं.

दफनानंतर आमच्या घरी आल्यावर वन्संना बसता येईना. उजवी मांडी भरली होती, डावी वयामुळे रेंगाळली होती आणि तिची पट्टी दोन दिवस कुणी बदलली नव्हती. माझी बोटं आखडलेली, तरी मी कोमट पाण्याने पट्टी भिजवून हलके हलके सोडवली. खाली गुलाबी कातडी आली होती. ओली, नवी. महिनाभर मी एस्तेरच्या पाठीवर हाच रंग शोधत होते.

मी त्यांच्या मांडीशी डोकं टेकलं.

"दुखतंय गो," वन्सं म्हणाल्या. "जरा पलीकडे टेक."

मी पलीकडे टेकले, आणि मग आम्ही दोघी रडलो.