खाली वाकलेली चोच

आम्ही तेव्हा लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो आणि गाझियाबादला फ्लॅट बुक केला होता. नवऱ्याला दर रविवारी स्कूटरवरून जाऊन कितवा स्लॅब पडला ते बघायचं असायचं. मी मागे बसून जायचे. स्लॅबमध्ये मला काडीचा रस नव्हता. पण साइटच्या मागे भरावासाठी माती उकरून केलेला मोठा खड्डा होता. त्यात पाणी साचलं होतं आणि हिवाळ्यात तिथे पक्षी उतरायचे.

गुलाबी काटकुळ्या पायांचा शेकाट्या मी पहिल्याच रविवारी ओळखला. सरळ लांब चोचीचा पाणटिवळा ओळखायला महिना लागला. मग मी दुर्बीण घेतली आणि पक्षी बघणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये जाऊ लागले. ग्रुपचे प्रमुख एक निवृत्त अधिकारी होते. त्यांनी एकदा पक्ष्याचं नाव सांगितलं की विषय संपायचा.

त्या जानेवारीत मला खड्ड्याच्या काठावर कर्ल्यू दिसला. कोंबडीएवढा, तपकिरी, अंगभर रेघारेघा, आणि वाकवलेल्या विणकामाच्या सुईसारखी खाली वळलेली लांब चोच. मी ग्रुपमध्ये सांगितलं. साहेब हसले.

"मॅडम, ग्लॉसी आयबिस होगा. कर्ल्यू तो समंदर किनारे की चिड़िया है. शुरू शुरू में सबको ऐसा होता है."

"मुझे नहीं होता," मी म्हटलं.

बायकांनी साहेबांशी असं बोलायची तिथे पद्धत नव्हती. पण साहेब म्हणाले, चलो, अगले संडे वहीं चलते हैं.

त्या रविवारी धुकं होतं. ग्रुप आला, बुटांना चिखल लावून तासभर उभा राहिला. धुकं विरलं तेव्हा समोर तीन आयबिस चरत होते. आपल्याकडे ज्यांना शराटी म्हणतात तेच. काळपट अंग, चोच खाली वळलेली. साहेबांनी माझ्याकडे बघून नुसतं "देखिए" म्हटलं. कुणीतरी हसलं. मग सगळे गाड्यांत बसून निघून गेले.

"जाऊ दे ना यार," नवरा म्हणाला. "आयबिस म्हण आणि मोकळी हो. काय फरक पडतो?"

"मला पडतो. जे दिसलं ते दिसलं."

"मग बस इथे," असं म्हणून तो वैतागून अर्धवट जिन्यावरून वर स्लॅब बघायला गेला. मी विटांच्या ढिगावर बसून राहिले. भूक लागली होती आणि पाय गारठले होते. रागही आला होता, पण दुर्बीण मी खाली ठेवली नाही.

दुपारी एका ट्रकने खड्ड्याच्या पलीकडच्या कडेला राडारोडा ओतला. त्या आवाजासरशी सगळे पक्षी उठले आणि बांधामागून तोही उठला. कुर्र-ली, कुर्र-ली, असा मोकळा, चढत जाणारा आवाज करत तो इमारतीच्या बाजूने गेला. सूर्य डोळ्यांवर होता, मला फक्त त्याची आकृती दिसली.

नवरा धावत खाली आला. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "अगं, माझ्या खालून गेला! पाठीवर पांढरा पट्टा होता, शेपटीपासून वर निमुळता होत गेलेला. आणि चोच ही एवढी!"

आयबिसच्या पाठीवर पांढरं काही नसतं, कर्ल्यूच्या असतं. आणि नवऱ्याने पक्ष्यांचं पुस्तक कधी उघडूनही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मी साहेबांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घर की गवाही हम कैसे मानें?"

"मत मानिए," मी म्हटलं. "वो आपसे पूछकर नहीं उतरता." आणि ग्रुप सोडला.

उन्हाळ्यापर्यंत तो खड्डा बुजला. आज तिथे मार्केट आहे, वर कोचिंग क्लास आणि खाली मोबाइलची दुकानं. आम्ही राहायला आलो तेव्हा मी सोसायटीतल्या आणि जुन्या कॉलनीतल्या बायकांना हिंडन नदीच्या काठी घेऊन जायला लागले. लोक "चिड़ियावाली आंटी" म्हणून हसायचे. हसू दिलं. साहेबांच्या ग्रुपमधल्या दोघींनीही यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना मी काहीच ऐकवलं नाही. दुर्बीण पुढे केली.

गेल्या हिवाळ्यात पाण्याच्या कडेला शेपूट हलवत चालणारा एक लहान पक्षी दिसला. मी म्हटलं, साधी तुतवार. नुकतीच नागपूरहून बदली होऊन आलेली एक मुलगी म्हणाली, "नाही काकू. पाठ जास्त काळी आहे. मला हिरवी तुतवार वाटते."

बाकीच्या बायका माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या.

"उडेपर्यंत थांबू या," मी म्हटलं. "उडताना हिरवीचं शेपटीवरचं पांढरं लख्ख दिसतं."

आम्ही सगळ्या चिखलात उभ्या राहिलो. ती मुलगीही हटली नाही, आणि मला ती फार आवडली.