कॉलर, बाही, काज

मार्चमधला मंगळवार, दुपारी तीन. हजर: कॉलरवाली, बाहीवाली, काजवाली, भोपाळहून आलेले प्रशिक्षक आणि मी, या शिलाई केंद्राची सुपरवायझर. गैरहजर: मालक. प्रशिक्षण त्यांनीच ठरवलं होतं.

बायकांना नावं आहेत. हजेरीत नावाऐवजी जी शर्टाचा जो तुकडा शिवते तो लिहायची पद्धत मी पाडली. शाळेच्या शर्टांची ऑर्डर असते, काम कुठे अडलंय ते एका नजरेत कळावं म्हणून.

प्रशिक्षक तासभर हिंदीत 'अलगाव' या विषयावर बोलले. मी चार मुद्दे टिपले: कामगार आपण बनवलेल्या वस्तूपासून तुटतो, कामापासून तुटतो, सोबतच्यांपासून, आणि शेवटी स्वतःपासून. चौथ्या मुद्द्याला लाइट गेली. मग फॉर्म आले. प्रश्न एकच: काम में अलगाव महसूस करती हैं? हाँ या नहीं.

"अलगाव म्हंजे ते टीव्हीवरचे अलगाववादी का, देशातून फुटून निघणारे?" बाहीवालीनं विचारलं.

"नाही वं बाई," काजवाली म्हणाली. "अलग. तुह्यं काम अलग, माह्यं अलग."

"हौ, मंग तर खरंच हाये."

तिघींनी 'हाँ'वर टिक केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्म पाहून मालकांचा फोन. "मॅडम, सब के सब अलगाव में? क्या चल रहा है वहाँ?" त्यांनी भिंतीवर 'हम एक परिवार हैं' असा बोर्ड लावायला सांगितलं. शब्दाचा घोळ झालाय, हे समजावण्यात माझा अर्धा तास गेला. "तो दुबारा भरवा लो," म्हणाले. म्हणजे आणखी एक काम माझ्याच यादीत.

मी कोरे फॉर्म घेऊन गेले आणि साध्या मराठीत सांगितलं: आपण बनवलेली वस्तू आपली न वाटणं, म्हणजे अलगाव.

कॉलरवालीनं पेन उचललाच नाही. "मंग तर मले दोनदा टिक करा लागते, ताई."

येत्या सोमवारी परसवाड्याला तिची परीक्षा होती, शिलाई शिक्षिकेच्या जागेसाठी. पूर्ण शर्ट शिवून दाखवायचा. "चार वर्षं झाले, कॉलरच लावून राह्यली मी. बाही कशी बसवतात तेच भुलली."

"तुला तर येत होतं!"

"हौ. तुम्हीच माह्या हातचा शर्ट पाहून मले ठेवलं होतं."

ते मला आठवत होतं. त्या शर्टाला मी नावाजलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी तिला कॉलरवर बसवलं होतं.

"मग आधी का नाही सांगितलंस?" मी चिडून म्हणाले.

"कवा सांगू? तुमची यादी सुटते कवा?"

बाहीवाली मध्ये पडली. "मी शिकवतो तिले. पण माह्या मशीनवर कोण बसन?"

"ताई बसन," काजवाली म्हणाली, आणि तिघी हसल्या.

मी बसले. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, दुपारी दोन तास. माझ्या निम्म्या बाह्यांना चुण्या पडल्या. बाहीवालीनं त्या सगळ्यांसमोर उसवल्या. ऑर्डर मागे पडली. मालक रोज विचारतात, फॉर्मचं काय झालं.

शनिवारी संध्याकाळपर्यंत कॉलरवालीच्या शर्टाचं अंग जोडून झालं, कॉलर बसली, डावी बाही बसली. उजवी दोनदा उसवावी लागली. उद्या केंद्र बंद असतं, पण किल्ली माझ्याकडे आहे. मी तिला नऊला बोलावलंय. परवा सकाळच्या बसनं ती परसवाड्याला जाणार, आणि उजवी बाही अजून लागायची आहे.