दोघींनी बोलायचं ठरलं होतं

सावद्याला सून म्हणून आले आणि तिथल्या शाळेत लागले, तेव्हा मला पहिल्यांदा आपलं म्हटलं ते ताईंनी. त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या, मोठ्या घरच्या. यजमानांचा केळीचा व्यापार. माझं माहेर शिंदखेड्याकडचं. बोलता बोलता एखादा अहिराणी शब्द निसटला की शिक्षकखोलीत हसू व्हायचं. ताई मग डोळे मोठे करून सगळ्यांना गप्प करायच्या. परक्या गावात एवढ्यानेही माणूस बांधला जातो.

ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. माझ्या दहावीच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर बोलेनाशी झाली. हुशार मुलगी. निबंध तिचाच वर्गात वाचून दाखवायचे मी. आता ती बाकावर नुसती बसून राहायची. पुढे पुढे डबाही उघडेना. घरच्यांनी ठरवलं, हिला बाहेरचं लागलंय. दर अमावास्येला तिला कुठेतरी घेऊन जाऊ लागले, आणि मग शाळाच सोडवली.

त्या दिवशी मधल्या सुटीत मी प्रयोगशाळेत ताईंना हे सांगायला गेले. त्या परीक्षानळ्या धूत होत्या. ऐकता ऐकता नळ तसाच वाहता ठेवून त्या स्टुलावर बसल्या आणि रडायला लागल्या.

"माझ्या घरातही तेच चाललंय गं," त्या म्हणाल्या.

त्यांचा मुलगा धुळ्याला इंजिनिअरिंगला होता. दिवाळीच्या आधीच तो परत आला होता. वरच्या खोलीत पडून असायचा. आंघोळ नाही, जेवण नाही, कुणी हाक मारली तर भिंतीकडे तोंड. गल्लीत मात्र तो धुळ्यालाच आहे असं सांगितलेलं. रोज शाळा सुटल्यावर ताई पदराआड ताट घेऊन जिना चढत.

मी त्यांचा हात धरला आणि जे नवऱ्याशिवाय सासरी कुणालाच ठाऊक नव्हतं ते सांगितलं. जळगावला कॉलेजात असताना मलाही असंच झालं होतं. वसतिगृहात मी दिवसच्या दिवस खाटेवर पडून राहायचे. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, शब्द लागायचा नाही. वडील येऊन घेऊन गेले. धुळ्याच्या एका डॉक्टरांच्या गोळ्या जवळजवळ वर्षभर चालल्या. मी बरी झाले, पदवी घेतली. पण शेजारीपाजारी कुणी विचारलं की आई सांगायची, कावीळ झाली होती. आता सगळं ठीक आहे तर गप्प राहा, असं मला अहिराणीत बजावायची, "आते बठ्ठं चांगलं शे. कोनले काही सांगू नको."

ताईंनी उठून नळ बंद केला. "म्हणजे बरं होतं?" त्यांनी विचारलं.

"होतं, ताई. माझ्याकडे बघा ना."

पुढच्याच आठवड्यात आम्ही दोघी, कुणाला न सांगता, त्यांच्या मुलाला जळगावच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. तरुण डॉक्टर, शांत बोलायचे. परत येताना एसटीत ताईंनीच विषय काढला. या डॉक्टरांना गावात बोलवू या. परीक्षा तोंडावर आल्यात, आईबापांनी ऐकायला हवं. शाळेत नको, मुख्याध्यापक घाबरतात. "तुझ्या घरी घे," त्या म्हणाल्या. "तुमची ओसरी मोठी आहे. आणि नुसतं डॉक्टरांचं भाषण कोण ऐकेल? आपण बोलायला हवं. आधी तू तुझं सांग, मग मी उठते आणि माझ्या मुलाचं सांगते. दोघींनी बोललं की बाकीच्यांची तोंडं उघडतील."

घरी मी हे नवऱ्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "ताई नक्की बोलणार ना? एकटी नको बोलूस."

"त्यांनीच तर सुचवलंय," मी म्हटलं.

सभेच्या रविवारी सकाळपासून माझी धांदल. भजनी मंडळाकडून सतरंज्या आणल्या, गणेश मंडळाचा माईक आणला. बायका गल्लीत बसतील म्हणून मंडळाच्या पोरांनी एक कर्णा विजेच्या खांबाला बांधला. सासूबाईंनी चहाचं मोठं पातेलं काढलं. घरी डॉक्टर येणार, सभा होणार, याचं त्यांना फार कौतुक होतं. शेजारणींना हाका मारून त्यांनी स्वतः बोलावलं. "आमच्या सूनबाईनं ठेवलीय सभा," म्हणाल्या.

माणसं आली, वाटलं होतं त्याहून जास्त आली. पुरुष ओसरीवर, बायका दारात आणि गल्लीत. ताई यजमानांसोबत पुढच्याच रांगेत बसल्या. डॉक्टर साध्या भाषेत बोलले. मन आजारी पडतं, त्याला औषध असतं, पोरं मुद्दाम करत नाहीत. लोक चहा पीत ऐकत होते. ते थांबले तेव्हा कुणीच काही विचारेना. शेवटी एक आबा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे शहरातलं झालं. आमच्याकडे पोरं शेतात राबतात, त्यांना असलं काही होत नाही." लोक हसले.

मग मी उठले. माईक हातात घेतला. वसतिगृह, खाट, गोळ्या, काविळीचं खोटं, सगळं सांगितलं. "मी बरी झाले. तुमच्या मुलींना शिकवते. म्हणून म्हणते, लपवू नका." दारात सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातातला ट्रे तसाच राहिला होता.

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी यजमानांकडे पाहिलं. मग त्या उठल्या, पदर सावरला आणि माईक घेतला.

"बाईंनी धाडस केलं," त्या म्हणाल्या. "आम्हा कुणालाच हे माहीत नव्हतं. त्यांच्याबद्दल मला वाईटच वाटतं. पण आईबाप म्हणून मला वाटतं, शिक्षकांनी अशा गोष्टी आधी शाळेला सांगायला हव्यात. मुली दिवसभर त्यांच्याजवळ असतात. आमच्या घरात देवाच्या दयेने असं काही नाही. माझा मुलगा धुळ्याला आहे, त्याची परीक्षा जवळ आलीय. डॉक्टरांचे मी आभार मानते."

डॉक्टरांनी मान खाली घातली. त्या मुलाला ते तपासत होते. पण ते तसं बोलणार नाहीत हे ताईंना चांगलं माहीत होतं. मीही बोलू शकले असते. चार घरं पलीकडे, वरच्या खोलीत, असं नुसतं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मी माईक परत मागितला नाही. कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सभा संपली.

सासूबाईंनी सतरंज्या गोळा केल्या. मग म्हणाल्या, "पोरगी दाखवताना तुह्या बापानं आम्हाले कावीळच सांगितली होती." नवरा मध्ये पडला, "आई, मला माहीत होतं." त्यावर त्या आत निघून गेल्या. फसवलं गेल्याचं दुःख त्या दिवशी आमच्या घरात मला एकटीलाच नव्हतं. कितीतरी महिने त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी ताईंच्या घरी गेले. त्यांनी अर्धंच दार उघडलं.

"ताई, असं का केलंत?"

"हळू बोल. वर ऐकू जातं."

"तुम्हीच म्हणालात आधी तू बोल. मला उभं करून तुम्ही..."

"ह्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं मला," त्या पुटपुटल्या. मग त्यांचा आवाज कडक झाला. "आणि तुझं लग्न झालंय. माझ्या मुलाचं व्हायचंय अजून."

"मग गप्प बसायचं होतंत. शाळेचं कशाला काढलंत?"

त्या उत्तर देणार तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. त्यांचा मुलगा अर्ध्या जिन्यापर्यंत आला होता. दाढी वाढलेली, अंगात स्वेटर. "कालही वर सगळं ऐकू आलं, आई," तो म्हणाला. "कर्णा आपल्या खिडकीकडेच तोंड करून होता." एवढं बोलून तो परत वर गेला. ताई त्याच्यामागे धावल्या. मी दार ओढून घेतलं आणि घरी आले.

मुख्याध्यापकांनी दहावीचा वर्ग माझ्याकडून काढून घेतला. बाईंना ताण नको, असं कारण दिलं. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुलीही एकेक करून बंद झाल्या. शाळा सोडलेल्या त्या मुलीची आई मात्र एका दुपारी मागच्या दाराने आली आणि डॉक्टरांचा दवाखाना विचारून गेली. पुढे जळगावला ती मुलगी बरी होत गेल्याचं कळलं. सभेचा काही उपयोग झाला असं लोक म्हणतात तेव्हा मी तिची आठवण काढते. पण सभा म्हटलं की मला आधी आठवतो तो ताईंचा सावरलेला पदर.

त्यांच्यासोबत त्यानंतरही मी बरीच वर्षं त्याच शिक्षकखोलीत काढली. त्या डबा पुढे करायच्या, मी घ्यायचे नाही. एकदा मी खोलीत येताना ताई एका नव्या शिक्षिकेला माझ्याबद्दल सांगत होत्या, "फार गुणी आहे ती, फक्त जरा जपून वागावं लागतं." मी माझी हजेरीची वही उचलली आणि बाहेर गेले.

मुलाने कॉलेज सोडलं, पण तो उभा राहिला. भुसावळला त्याने दुकान काढलं. नियमित जळगावला जाऊन औषध घेत असे, हे मला डॉक्टरांकडून नाही, त्याच्याकडूनच कळलं. एसटी स्टँडवर भेटला तेव्हा त्याने वाकून नमस्कार केला. त्याचं लग्न ठरलं तेव्हा ताई स्वतः पत्रिका घेऊन घरी आल्या. मुलीकडच्यांना काही सांगितलंय का, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. विचारलं नाही.

सासूबाई लग्नाला गेल्या, मी गेले नाही. नंतर रस्त्यात ताईंनी माझा हात धरला. "का नाही आलीस गं? तुझी वाट बघत होते मी."

"शाळेत काम होतं," मी म्हटलं.

मे महिना होता. शाळेला कुलूप होतं, आणि आम्ही दोघी एकाच शाळेत होतो.