नावेची गव्हाण

दुसऱ्याचं चांगलं पाहिलं की माझ्या पोटात दुखतं. हे मी आता उघड कबूल करतो, कारण बायकोने ते चारचौघांत इतक्यांदा सांगितलंय की लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. शेजाऱ्याच्या उसाला माझ्यापेक्षा दोन कांड्या जास्त दिसल्या तर मी त्या बांधाने जाणं सोडतो. पण एका अख्ख्या नदीवर जळायची वेळ माझ्यावर साठी उलटल्यावर आली, आणि तीही फ्रान्समध्ये.

मी पुणतांब्याजवळच्या एका लहान गावचा. घर गोदावरीच्या काठाला. हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालो. युरोपच्या नकाशावर छडी टेकवून ल्वार नदी मी वर्षानुवर्षं पोरांना दाखवली, आणि मुलगी लग्नानंतर नेमकी त्याच नदीपासून तासाभरावरच्या शहरात राहायला गेली. एका मे महिन्यात तिने आम्हा दोघांना बोलावून घेतलं. एका रविवारी नदीकाठचं एक खेडं दाखवायला नेलं. सोबत नऊ वर्षांची नात होती, आमच्या गावी ती तान्ही असताना एकदाच आलेली.

पहिला राग आला तो पाण्याचा. मे महिना, आणि नदी काठोकाठ! आमच्याकडे त्या दिवसांत वाळू उपसून झालेल्या खड्ड्यांत जेवढं पाणी थांबेल तेवढीच गोदावरी. मी काठावर उभा राहून खोट शोधायला लागलो.

"पाणी गढूळच दिसतंय," मी म्हणालो.

"गढूळ हाय, पन हाय," बायको म्हणाली.

पुढे गावची धुणं धुवायची जुनी जागा होती. वर कौलारू छप्पर, खाली पाण्याकडे उतरत्या दगडी फरश्या आणि भिंतीवर पाटी, की पूर्वी इथे गावातल्या बायका गुडघे टेकून धुणं धूत असत. आता तिथे कुणी रुमालसुद्धा धूत नाही, तरी जागा झाडून पुसून ठेवलेली. बायकोने मुलीकडून पाटी दोनदा वाचून घेतली. "मी बी वीस वरसं नदीवर धुनं बडवलं. माजी पाटी कुठंय?" असं तिने मलाच विचारलं, जणू पाटी मी अडवून धरली होती.

एका घराच्या कोपऱ्यावर मोठ्या पुरांच्या रेघा कोरलेल्या होत्या, प्रत्येकीशेजारी तिचं साल. तिथे तर माझा जीवच खाली-वर झाला. आमच्या घाटावरच्या देवळालाही अशी एक रेघ होती, माझ्या आजोबांच्या वेळच्या पुराची. जीर्णोद्धारात तिच्यावर गुलाबी ऑइलपेंट बसला. जीर्णोद्धाराच्या समितीत मी होतो. रंगही मीच पसंत केला होता.

आणि मग आली नाव.

नदीला लागून एक उंच शेड होती. आत लाकडी नाव ठेवलेली, चांगली ऐसपैस, तळ सपाट, मध्ये डोलकाठी. पूर्वी या नदीतून माल अशा नावांनी जायचा. गावातल्या निवृत्त मंडळींनी मिळून ती उभी केली होती आणि रविवारी ते लोकांना तिच्यातून फिरवून आणत. त्यांचा म्होरक्या माझ्याच वयाचा, एक निवृत्त सुतार. नावेच्या कडेवरून हात फिरवत तो अशा काही कौतुकाने बोलत होता की मला त्याच्याकडे बघवेना. मुलगी त्याचं बोलणं मराठीत सांगत होती आणि नात तोंड उघडं टाकून ऐकत होती. तिने एवढ्या कौतुकाने माझं बोलणं कधी ऐकलेलं मला आठवत नाही.

मग ती वळून म्हणाली, "आबा, तुमच्या नदीवर होती का अशी?"

"होती काय? आहे!" मी म्हणालो. "हिच्याहून मोठी. माझ्या पणजोबांनी बांधून घेतलेली. आपल्या घरी अजून आहे, जशीच्या तशी."

म्हातारा उत्सुकतेने मुलीकडे पाहायला लागला. मुलीने माझ्याकडे पाहिलं. बायको एकदम नदी बघायला लागली.

खरं काय ते सांगतो. नाव होती, एवढं खरं. पूल व्हायच्या आधी पावसाळ्यात नदी भरली की अलीकडची माणसं पलीकडे न्यायचा मान आमच्या घराकडे होता. सागवानी फळ्या, गावच्या लोहाराने घडवलेले चौकोनी माथ्याचे खिळे, फटींत ताग ठासून वर डांबर. नवऱ्या, बाळंतिणी, बैल, सगळ्यांना वडिलांनी त्या नावेतून पलीकडे पोचवलं. श्रावणात तिला हळदकुंकू लागायचं आणि नारळ फुटायचा. पूल झाला आणि नाव आमच्या गोठ्यामागे पालथी पडली. पुढे मी पहिली जर्सी गाय आणली, तेव्हा गोठ्यात गव्हाण हवी होती आणि लाकूड आयतंच पडलेलं होतं. मी एका सकाळी नाव कापायला घेतली. वडील बाजेवर बसून बघत होते. मला वाटलं, आता चिडतील. ते एवढंच म्हणाले, "करवत जपून चालीव. खिळं लई हायेत."

मी जपून चालवली. तळाच्या फळ्यांची गव्हाण झाली, बाकीची चुलीत गेली. माझी मुलगी लहानपणी त्याच गव्हाणीत बसून पाढे पाठ करायची. तिला सगळं माहीत होतं. तरी तिने मान खाली घातली आणि माझं वाक्य फ्रेंचमध्ये सांगितलं.

म्हाताऱ्याने माझे दोन्ही हात धरले. किती हात लांब, खिळे लोखंडी की लाकडी, फटी कशाने बुजवल्या, त्याने विचारूनच घेतलं. या प्रश्नांची उत्तरं मला खरी देता आली आणि ती मी ऐटीत दिली. नात आता माझ्याकडे बघत होती. शेवटी तो म्हणाला की ही नाव बघायला मी तुमच्याकडे येणार. लोक असं म्हणतातच. मीही "या की, घर तुमचंच आहे" असं म्हणून मोकळा झालो.

परतताना गाडीत बायको म्हणाली, "पोटात दुखतंय म्हनून सांगायचं, औषध घेतलं असतं. नाव कशाला काढायची?"

दिवाळीनंतर मुलीचा फोन आला. "अण्णा, मी जानेवारीत पोरीला घेऊन येतेय. ते आजोबाही येतायत."

"कोण आजोबा?"

"नाव बघायला येतायत ते."

"अगं, मग सांगून टाक त्यांना काहीतरी."

"मी एकदा बोलले तुमच्यासाठी खोटं. आता तुमचं तुम्ही बघा. आणि तुमच्या नातीने वर्गात सगळ्यांना सांगितलंय आपल्या नावेबद्दल, तेही बघा."

म्हाताऱ्याचं मला एवढं काही वाटलं नसतं. परका माणूस, चार दिवस राग धरील. पण नातीसमोर खोटं पडायचं या विचाराने मला जेवण जाईना. आमच्या नदीत मासे धरणारे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकतात, त्यामुळे कुणाची नाव चार दिवस मागून आणावी तर तीही सोय नव्हती. बायकोनेच तोड काढली. "पुरात गेली म्हना. नदी काय साक्षीला येत न्हाई." मला ते पटलं. कुठल्या पावसाळ्यात गेली, दोर कसा तुटला, सगळं मी मनात बसवून ठेवलं.

ते आले तेव्हा हुरड्याचे दिवस होते. बायकोने पाहुण्याला हुरडा खाऊ घातला, लसणाची चटणी दिली, ती खाऊन त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. नात दर पाच मिनिटांनी "आबा, नाव?" म्हणत होती. मी म्हणत होतो, "आधी खाऊ दे त्यांना." शेवटी त्याने हात धुतले आणि मी त्याला घाटाकडे न्यायला निघालो. पुराची गोष्ट नदीसमोरच सांगायची असं मी ठरवलं होतं.

घाटाची वाट आमच्या गोठ्यावरून जाते. गाईंना बघून म्हातारा आत वळला. एका गाईच्या पाठीवर थाप मारली आणि तसाच थांबला. मग वाकून तो गव्हाणीची फळी चाचपायला लागला. गव्हाणीला तसा बाक कुणी देत नाही. सुताराच्या हाताला ते कळलं. त्याने फटीत नख घालून डांबराचा कपचा काढला, नाकाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पुरात..." मी सुरुवात केली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. या वेळी तिने एक शब्दही पुढे सांगितला नाही.

मग मी सगळं सांगून टाकलं. गाय, करवत, वडील बाजेवर बसलेले, सगळं. वडिलांचं वाक्यही सांगितलं. नात माझ्याकडे अशी बघत होती की वाटलं, मघाशीच नदीत उडी मारली असती तर बरं झालं असतं.

म्हातारा गव्हाणीच्या कडेवर बसला. मग म्हणाला, त्यांच्या शेडमधली नाव नवी आहे. जुन्या चित्रांवरून त्यांनी मिळून बांधलेली. तिच्यात जुनी फळी एकही नाही. गावातली शेवटची जुनी नाव त्याच्याच आजोबांनी एका हिवाळ्यात फोडून चुलीत घातली. "खरं लाकूड मी आज पहिल्यांदा हातात धरतोय," असं तो म्हणाला.

मला त्याच्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं. मला आनंद झाला. त्यांची नवी आणि आमची खरी! तो पोटातून जळत होता, आणि जळणाऱ्या माणसाचा चेहरा मी लांबूनही ओळखतो. तो चार दिवस राहिला आणि मी चारही दिवस छाती पुढे काढून हिंडलो. नातीला गव्हाणीजवळ उभं करून सगळं समजावून दिलं, नवऱ्या कुठे बसायच्या, बैल कुठे उभे राहायचे. ती गाईंना बाजूला ढकलून स्वतःच गव्हाणीत बसायची. खोट्याचं ती विसरली, निदान बोलली तरी नाही.

जायच्या दिवशी म्हाताऱ्याने मुलीकरवी विचारलं, एक खिळा मिळेल का?

"एकच का? दोन घ्या!" मी म्हणालो. इतका मी फुगलो होतो. त्याने एकच घेतला. पक्कडीने हळूहळू, फळी फुटू नये अशा बेताने तो खिळा त्याने ओढून काढला, तेव्हा मी फळी दाबून धरली होती. चौकोनी माथ्याचा, बोटभर लांब. त्याने तो रुमालात गुंडाळून आतल्या खिशात ठेवला. फळीला भोक पडलं. त्यातून पेंड सांडायला लागली, म्हणून बायकोने तिथे चिंधी कोंबली.

एप्रिलमध्ये मुलीने मोबाईलवर फोटो पाठवला. तीच उंच शेड, तीच नाव, आणि शेजारी एक काचेची पेटी. आत पांढऱ्या कापडावर आमचा खिळा. वरून दिव्याचा उजेड सोडलेला. खाली पाटी, तिच्यावर गोदावरी आणि आमचं गाव, दोन्ही त्यांच्या लिपीत. चार-पाच माणसं वाकून बघत होती आणि माझी नात त्या म्हाताऱ्याचा हात धरून त्यांना काहीतरी सांगत होती. खाली तिच्या आवाजातला निरोप होता. "आबा, आपली नाव आता इकडे आहे. मी रविवारी सगळ्यांना दाखवते."

मी तो निरोप दोनदा ऐकला. मग माझ्या पोटात दुखायला लागलं. माझ्याच खिळ्यावर मी जळत होतो. तसले कितीतरी खिळे गोठ्यात पडून होते, पेंडीत, शेणात, गाईच्या लाळेत. इतक्या वर्षांत मी एकालाही कधी नीट पाहिलं नव्हतं. आणि त्या नावेला हळदकुंकू लागायचं.

मी गोठ्यात गेलो. चिंधी काढली आणि भोकात करंगळी घातली. आत लाकूड अजून गुळगुळीत होतं, खिळ्याच्या मापाचं. गाय येऊन माझा हात चाटायला लागली. मी तसाच उकिडवा बसून राहिलो.

"काय झालं?" बायकोने दारातून विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "पेंड सांडतीय."