तळातला काढ

भालेरावकाका चहाचा पहिला घोट तोंडात फिरवत, छताकडे बघत आणि म्हणत, "रिजेक्ट." मग तोच चहा बशीत ओतून शेवटच्या थेंबापर्यंत संपवत. काकू दाराशी उभ्या राहून निकाल ऐकत आणि आत जाऊन उरलेला चहा मला देत. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांचा एकही चहा पास झाला नव्हता. काकांनी शेजाऱ्याच्या गॅलरीचं ग्रिल नापास केलं होतं, गल्लीतले पेव्हर ब्लॉक नापास केले होते, माझ्या लग्नात माझं जॅकेट भर मांडवात दोन बोटांनी ओढून नापास केलं होतं. आमच्या अख्ख्या बुवापाड्यात त्यांच्या तपासणीतून एकच नग सुटला होता, तो म्हणजे ते स्वतः.

आमची पहिली भेट झाली तीही माझ्या नापास होण्यातूनच. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत ते आलेला माल तपासणारे इन्स्पेक्टर होते. मी दोन जुने लेथ टाकून नुकताच मालक झालो होतो. मालक म्हणजे लेथ चालवणारा, झाडू मारणारा आणि डिलिव्हरी देणारा असा तिन्ही मिळून एकच माणूस. पितळी बुशचं, म्हणजे मशीनमध्ये बसणाऱ्या छोट्या नळ्यांचं, खोकं घेऊन त्यांच्या कंपनीत गेलो. वरच्या थराला चकचकीत बुश ओळीने लावलेले, खाली घाईत काढलेले. काकांनी वरच्या थराकडे बघितलंसुद्धा नाही. खोकं टेबलावर सरळ पालथं केलं.

"वरचा माल बघायला मी काय पाव्हणा आहे? तळातला काढ."

तळातल्या बुशला जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावला आणि माझ्याकडे बघत विचारलं, "हे काढताना हात तुझेच होते, का शेजारच्या शेडमधून मागून आणले होते?" सगळा लॉट परत. संध्याकाळी मी घरी तोंड पाडून बसलो होतो, तर हाच माणूस दारात हजर. आम्ही दोन गल्ल्या सोडून राहतो हे त्यांना माझ्या डिलिव्हरी चलानावरच्या पत्त्यावरून कळलं होतं. "जय भीम. दुपारी साहेब होतो, आता काका आहे. चहा टाक." त्या संध्याकाळी त्यांनी मला मायक्रोमीटर धरायला शिकवलं. आईच्या हातचा चहा अर्थातच रिजेक्ट झाला.

मधुमेह त्यांना नोकरीत असतानाच जडला. दर तीन महिन्यांनी उपाशीपोटी रक्त तपासायचं असे. त्याच्या आधी चार दिवस घरात लष्करी शिस्त. कारलं, मेथी, अर्धी भाकरी, पहाटे शिवमंदिरापर्यंत चालत जाऊन परत. रिपोर्ट हातात पडला की तो शर्टाच्या खिशात घडी घालून ठेवायचा आणि भेटेल त्याच्या नाकासमोर धरायचा. "बघ. टॉलरन्समध्ये आहे, मर्यादेच्या आत." तो दाखवून संपला की त्याच संध्याकाळी जिलेबी.

मी एकदा म्हणालो, "काका, ही तर खोक्यातली वरच्या थराची मांडणी झाली."

"तुझे बुश आणि माझं रक्त एक आहे का?" ते भडकले. डॉक्टरने तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी लिहून दिली होती. ती त्यांनी केलीच नाही. ती टेस्ट जरा बोगस असते, असं त्यांचं मत होतं. जो माणूस तीस वर्षं दुसऱ्यांची खोकी पालथी करत आला, त्याचं हे मत.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. वर्षावास. बुवापाड्यात हे वाचन भालेरावकाकांचं होतं. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, समोर छोटं स्टूल, त्यावर पुठ्ठा घातलेला जाड ग्रंथ. एरवी सगळ्यांच्या चुका काढणारा हा माणूस तिथे मात्र असा वाचायचा, की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायका, ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं, त्या पदराने डोळे पुसायच्या. त्यांचे वडील सही न करता अंगठा लावत, हे काका एकदाच बोलले होते. दुसऱ्यांदा बोलायची गरज नव्हती. ते पुस्तक उघडून बसणं हीच त्यांची कमाई होती, आणि ती त्यांना मरेपर्यंत टिकवायची होती. सांगतेच्या दिवशी खीर असे. काका दोन वाट्या घेत. मी भुवया उंचावल्या की म्हणत, "सुजाताने दिलेली खीर तथागतांनी नाकारली नाही. मी त्यांच्यापेक्षा मोठा का?"

मग अक्षरं पुसट व्हायला लागली. काकांनी निदान ताबडतोब केलं, छपाई खराब. उल्हासनगरच्या मार्केटात एका सिंधी चष्मेवाल्याकडे ते एका वर्षात तीनदा गेले. दर वेळी नवा नंबर, दर वेळी आठवड्यात तक्रार. तिसऱ्या खेपेला मी बरोबर होतो. त्या म्हाताऱ्या चष्मेवाल्याने चष्मा पुसून काउंटरवर ठेवला आणि हात जोडले. "साईं, मेरे से और एक चश्मा ले लो, मेरा क्या जाता है? लेकिन कांच मैं बदल सकता हूँ, आँख नहीं. अंदर कुछ है. पर्दे वाले डॉक्टर को दिखाओ."

बाहेर आल्यावर काका म्हणाले, "गिऱ्हाईक पळवून लावतोय. धंदा कसा करायचा ते माहीत नाही याला." मीही हसलो. आज ते हसणं आठवलं की स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते.

त्यानंतरचं पाण्याचं प्रकरण बुवापाडा अजून विसरलेला नाही. एका सकाळी काकांना पाण्याच्या ग्लासात काळे धागे तरंगताना दिसले. दुसरा ग्लास घेतला, त्यातही. त्यांनी इन्स्पेक्टरच्या थाटात अर्ज लिहिला: बारवी धरणाच्या पाण्यातून काळ्या अळ्या येत असून नग मोठ्या संख्येने आहेत. सोबत बाटलीत नमुना, बाटलीच्या तळातून घेतलेला. पाणीखात्याचा माणूस आला. त्याने ग्लास उन्हात धरला, काकांकडे बघितलं, पुन्हा ग्लासाकडे बघितलं आणि सगळ्या गल्लीसमोर ते पाणी गटागटा प्यायला. "काका, पाणी एकदम क्लीन आहे. तुम्हाला भिंतीवर पण दिसतात का अळ्या?"

काका भिंतीकडे वळले. भिंतीवरही होत्या.

तरी दवाखाना नाहीच. आषाढी पौर्णिमा आठ दिवसांवर होती आणि डॉक्टर वाचन बंद करायला सांगतील ही धास्ती. वाचन सुरू झालं. चौथ्या की पाचव्या संध्याकाळी मी विहारात मागे भिंतीला टेकून बसलो होतो. आवाज नेहमीसारखा खणखणीत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. पण बराच वेळ काहीतरी चुकतंय असं वाटत राहिलं, आणि मग लक्षात आलं. पान उलटल्याचा आवाजच आला नव्हता. काका पाऊण तास एकाच पानावर नजर ठेवून पुढची दहा-बारा पानं पाठ म्हणत होते. पुढच्या रांगेतल्या बायकांना ते केव्हाच कळलं होतं. त्यातल्या एकीनेही तोंड उघडलं नाही. शेवटी सगळ्यात म्हातारी होती ती उठली, त्यांच्या पाया पडायला म्हणून वाकली आणि हळूच पान उलटून गेली.

काका वाचायचे थांबले. मला रडू आवरलं नाही, हे इथे लिहून टाकतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही बदलापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई त्यांच्या लेकीच्या वयाच्या. काकांनी बसल्याबसल्या खिशातली रिपोर्टांची चवड काढली. बाईंनी ती वाचली, बाजूला ठेवली आणि डोळ्यांत थेंब टाकून तासभर बसवलं. बाहुल्या मोठ्या झाल्यावर दिवा लावून आत बघितलं, मग यंत्रावर स्कॅन काढला.

"काका, रिपोर्ट छान आहेत. पण डोळ्याच्या मागचा पडदा वेगळं सांगतोय. आतल्या बारीक रक्तवाहिन्या गळताहेत. डाव्या डोळ्यात रक्त उतरलंय, ते काळे धागे त्याचेच. हे चार महिन्यांचं नाही, बऱ्याच वर्षांचं आहे."

काका काळा चष्मा लावून बाहेर आले. त्या थेंबांमुळे त्यांना काही धड दिसत नव्हतं, माझ्या खांद्याला धरून चालत होते. फाटकापाशी थांबून म्हणाले, "बाई हुशार आहे. तळातला काढला."

मग दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. पहिल्या इंजेक्शनचं वर्णन त्यांनी घरोघर जाऊन केलं. पापण्या मिटू नयेत म्हणून क्लिप लावतात, वर बघा म्हणतात, आणि पांढऱ्या भागात सुई. "दुखतं का?" लोक विचारत. "दुखू नये म्हणून थेंब टाकतात. भीतीचे थेंब त्यांच्याकडे नाहीत." घरी हेच वर्णन चाललं असताना काकू आतून म्हणाल्या, "माझा चहा रिजेक्ट करता, त्या सुईला काय म्हणालात?" "काही नाही म्हणालो. दातखिळी बसली होती."

दोन इंजेक्शनं झाली. वाकड्या दिसणाऱ्या ओळी जरा सरळ झाल्या. आणि इन्स्पेक्टरसाहेबांनी उपचार थांबवले. "चालू मशीन खोलायची नसते." बाईंनी निक्षून सांगितलं होतं की बरं वाटलं तरी थांबायचं नाही, आतली गळती थांबायला वेळ लागतो. काकूंनी दोनदा भांडून बघितलं. मी काय केलं? मी चहा प्यायलो. मोठ्या माणसाला कसं बोलायचं, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे मला भांडण नको होतं.

एका सकाळी दाढी करताना डाव्या डोळ्यापुढे काळा पडदाच ओढला गेला. ऑपरेशन झालं. त्या डोळ्याला दिवा लागलाय की विझलाय एवढं समजू लागलं, त्यापुढे नाही. उजव्याला लेझर केलं, इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. आता काका बाईंच्या तारखेच्या आधी दोन दिवस तयार होऊन बसत. उजव्या डोळ्याने माणूस ओळखता येई, ताटातलं दिसे. ग्रंथातलं अक्षर मात्र लागेना.

पुढच्या वर्षावासाला त्यांनी ग्रंथ माझ्या मांडीवर ठेवला. "वाच."

मी वाचायला लागलो, ते शेजारी खुर्चीवर डोळे मिटून. तीन ओळी झाल्या नाहीत तोच, "थांब. 'आणि' राहिला." पाच ओळींनी, "स्वल्पविराम गिळलास. परत." भर सभेत रोज माझी खोकी पालथी होत होती. मी मनात चरफडत होतो, पण ते आले नाहीत की वाचायला मजाही यायची नाही.

महिनाभराने त्यांनी मला विहाराबाहेर थांबवलं.

"दिलीप, तू ओळीच्या शेवटी अडखळतोस. आधी अडखळत नव्हतास."

"चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"मी पण त्या चष्मेवाल्याला हेच सांगायचो. शुगर कधी केलीस?"

"परवाच. नॉर्मल आहे, काका."

"आधी किती दिवस कारलं खाल्लंस?"

मला सात वर्षांपासून मधुमेह आहे. इतका वेळ त्यांची टिंगल केली, त्यात हे सांगायचं राहून गेलं. सांगायचं टाळलं, असं म्हणूया. त्यांच्या जिलेबीवर मी हसायचो तेव्हा तिच्यातली अर्धी माझ्या हातात असायची. त्यांच्या तारखांना इतक्यांदा बदलापूरला जाऊन बाकावर बसलो, पण एकदाही स्वतःचा डोळा त्या दिव्यासमोर धरला नव्हता. काकांनीच विचारलं, "चार दिवस?"

"पाच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी एका डोळ्याचा म्हातारा मला हाताला धरून बदलापूरला घेऊन गेला. रस्ता ओलांडताना मी त्यांना सांभाळत होतो असं लोकांना वाटलं असेल. मला थेंब टाकले, तासभर बसवलं, दिवा लावला. बाहेर आलो तर काका बाकावर ताठ बसलेले. त्यांच्या शर्टाचं बटण एक घर चुकलं होतं.

"काय निघालं?"

"सुरुवात आहे म्हणाल्या. शुगर खरोखर सांभाळली आणि ठरल्या वेळी दाखवत राहिलो तर नजर टिकेल."

त्यांनी चाचपडत माझा हात शोधला आणि घट्ट धरला. कंपनीत त्यांच्याकडे पास आणि रिजेक्टखेरीज एक तिसरा शिक्का असे, दुरुस्त करून परत आणायच्या मालाचा. तो फार कमी वेळा बाहेर येई.

"रीवर्क," ते म्हणाले. "वेळेवर आलास, गाढवा."

गेल्या हिवाळ्यात काका दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. हृदय थांबलं होतं. त्या दिवशी काकूंनी सवयीने चहा टाकला होता, तो तसाच गार होऊन गेला. आता मी दर चार महिन्यांनी बदलापूरला जातो. आदल्या दिवसांत कारलं खात नाही. मेथी खाल्ली तर आवडते म्हणून. रिपोर्ट जसा येतो तसा येतो, आणि बाईंनी शिव्या दिल्या की मी खाली मान घालून ऐकतो.

या आषाढीला वाचन पुन्हा माझ्याकडेच आलं. शेजारची खुर्ची कुणी हलवली नाही, त्यावर कुणी बसतही नाही. 'आणि' राहिला तरी आता कुणी अडवत नाही. पण पुढच्या रांगेतल्या त्या बायका आहेत. मी वाचत असतो आणि त्यांचं लक्ष माझ्या शब्दांकडे नसतं. त्या माझ्या बोटांकडे बघत असतात, पान उलटतोय की नाही.

मी उलटतो. त्यांना ऐकू जाईल अशा बेताने उलटतो.