माझ्या गाडीतले अर्थमंत्री

स्वतःच्या नसलेल्या देशाच्या तिजोरीची इतकी काळजी वाहणारा माणूस अख्ख्या अमिरातीत दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याला माझ्या गाडीत जागा मिळणार नाही, असं मी सहा वर्षं येईल त्याला सांगत होते. हा माणूस म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले काका. आमची बिल्डिंग शारजात, अल नहदाला. काकांचं ऑफिस दुबईत देऱ्याला आणि माझं त्याच्यापुढे दोन सिग्नलवर, त्यामुळे रोज सकाळी पावणेसातला काका मांडीवर डबा घेऊन माझ्या शेजारच्या सीटवर हजर. गाडीतून नेण्याचे पैसे घेणं इथं गुन्हा, म्हणून काकू दर सोमवारी खोबऱ्याच्या वड्या पाठवायच्या. काका मूळचे कुडाळचे, टाइल्सच्या एका व्यापाऱ्याकडे अकाउंटंट. पण ते आपलं कागदोपत्री. मनानं ते पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर, तिथल्या अर्थखात्याच्या कचेरीत बसलेले असायचे. दुबईला येण्याआधी नऊ वर्षं त्यांनी तिथं कंत्राटावर नोकरी केली होती. सरकारचं अंदाजपत्रक तयार करायची. देशाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. देश एवढासा आहे की नाव घेतलं तर कोणाची गोष्ट चाललीय ते तिथं संध्याकाळपर्यंत घराघरात कळेल.

त्या देशाची अर्थव्यवस्था मला माझ्या घरच्यापेक्षा नीट ठाऊक आहे. इत्तिहाद रोडच्या जॅममध्ये दुसरं करण्यासारखं असतं तरी काय? तिथं पिकतो तो नारळ. बाकी तांदूळ, डिझेल, कांदे, खिळे, शाळेच्या वह्या, सगळं महिन्यातून एकदा येणाऱ्या जहाजातून. जहाज आलं की जकात, जकात आली की पगार. जहाज लांबलं की अर्थमंत्री स्वतः धक्क्यावर जाऊन समुद्राकडे बघत उभे. स्वतःचं चलन नाही, दुसऱ्या देशाचे डॉलर वापरतात, म्हणजे अडीअडचणीला नोटा छापायचीही सोय नाही. आणि उत्पन्नाचा मोठा वाटा कशाचा, तर माशांचा. तोही मासे विकून नाही. आपल्या समुद्रात मासेमारी करायचे परवाने परदेशी बोटींना विकून. "ट्यूना म्हणजे आपला कुपा हो," काका समजावायचे. "पाणी तापलं की कुपा पूर्वेला सरकतो. सरहद्द वगैरे तो मानत नाही. तो शेजारच्या देशाच्या पाण्यात गेला की बोटी त्याच्यामागे, आणि परवान्याचे पैसे बोटींच्या मागे." मी म्हणायचे, "म्हणजे काका, तुमचा देश चालतो माशाच्या मर्जीवर." त्यावर काका अजिबात न हसता म्हणायचे, "सगळेच देश चालतात. इथं माशाचं नाव वेगळं, इतकंच." आणि खिडकीतून टॉवरांकडे बघत बसायचे.

या नोकरीनं काकांना एक खोडच लावून ठेवली होती. येणारं अर्धं धरायचं आणि जाणारं दीडपट. माझी मुलगी एकदा लिफ्टमध्ये म्हणाली, "काका, आय थिंक आय विल गेट नाइन्टी." काकांनी मायेनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "साठ धर बाळा. वरचे तीस आले तर आईस्क्रीम." पोरगी दोन दिवस धुमसत होती. माझ्या नवऱ्याला बढती मिळाली तेव्हा त्यानं हौसेनं आकडा आधी दिरहममध्ये सांगितला, मग रुपयांत करून सांगितला, आणि काका पेढा हातात धरून म्हणाले, "छान. पण पहिलं वर्षभर मिळालीच नाही असं समजा." इथल्या मराठी मंडळाच्या सहलीला शंभर माणसांनी नावं दिली, तर जेवणाची ऑर्डर काकांकडे असल्यामुळे दीडशे पानांचा पुलाव आला. आमच्या मजल्यावर चार दिवस कोणाच्याही घरी चूल पेटली नाही. ममझार बीचवर सगळे फोटो काढण्यात दंग असताना हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात पाय घालून उभे, आणि परत येऊन चिंताक्रांत चेहऱ्यानं माहिती देणार, "तापलंय." अहो, हे आखात, तो पॅसिफिक! पण काकांच्या लेखी पाणी सगळं एकच.

सगळ्यात कहर म्हणजे त्यांचं रूपांतर. इथं आपण सगळेच करतो. रोल्लाच्या बाजारात सत्तर दिरहमची चप्पल घेतली की तोंडातून आपोआप निघतं, सोळाशे रुपये. काका तिथं थांबत नसत. "सत्तर दिरहम, म्हणजे सोळाशे रुपये, म्हणजे तिथल्या शिक्षकाचा एक दिवस." साडी? शिक्षकाचे नऊ दिवस. आमचा नवा सोफा? शिक्षकाचे दोन महिने, तोही हेडमास्तर असेल तर. शिक्षकच का, पोलीस का नाही, कोळी का नाही, हे सहा वर्षांत एकदाही विचारावंसं मला वाटलं नाही. मला वाटलं ते एवढंच, की याची नक्कल झकास होईल.

नकला मला चांगल्या जमतात. मंडळाच्या बायकांत काकांचं नाव मीच 'अर्थमंत्री' पाडलं होतं. हळदीकुंकवाला चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन "अर्धंच धरा" म्हटलं की बायका हसून लोळायच्या. काकूसुद्धा हसायच्या, थोड्याशा. एका वर्षी मंडळाच्या स्नेहसंमेलनात विनोदी कार्यक्रमाची जबाबदारी माझ्यावर आली, तेव्हा मला वाटलं, नक्कल कशाला, अस्सल माल समोरच्या फ्लॅटमध्ये असताना? काकांना स्टेजवर बसवायचं आणि मुलाखत घ्यायची. कमिटीला मी सांगितलं, विनोदी आयटम आहे. काकांना सांगितलं, "काका, तुमच्या बेटाच्या अर्थव्यवस्थेवर प्रकट मुलाखत घ्यायची आहे." यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि मी त्या दोन वाक्यांच्या मध्ये आरामात उभी होते.

 काका म्हणाले, "किती वेळ?" मी म्हटलं, वीस मिनिटं. "म्हणजे दहा," ते म्हणाले आणि घरात गेले. दोन आठवडे काकांच्या घरातला दिवा पहाटे लवकर लागायचा. एक दिवस गाडीत त्यांनी मला प्रश्नांची यादी दिली, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. शेवटचा प्रश्न होता, 'शेवटच्या वर्षी नेमकं काय झालं?' मी ती यादी घेतली आणि प्रत्येक प्रश्नाखाली स्वतःसाठी एकेक कोटी लिहून काढली. आरशासमोर उभं राहून पाठ केली. शेवटच्या प्रश्नाखालची कोटी सगळ्यात फर्मास होती.

त्या दिवशी काका सूट घालून आले. गळ्यात शिंपल्यांची माळ, बेटावरच्या लोकांनी निरोपाला घातलेली. निवेदकानं पुकारलं, "द्वीपराष्ट्राचे माजी अर्थमंत्री," आणि माळेसकट काका स्टेजवर आले तेव्हाच हॉल हशानं फुटला. काका थबकले, मग त्यांनी नमस्कार केला. मी पहिला प्रश्न विचारला. काकांनी जहाजाचं सांगितलं, हशा. नारळाचं सांगितलं, हशा. कुप्याचं सांगितलं तेव्हा मागच्या रांगेत कोणी तरी शिट्टी मारली. काका दर हशाला थांबत, लोकांकडे बघत, आणि पुढचं वाक्य आणखी सावकाश बोलत. आपलं सांगणं स्पष्ट होत नाहीये, असं त्यांना वाटत असावं. मी वर कोट्या टाकत होते. सगळं इतकं जमून येत होतं की काय सांगू.

मग मी तो शेवटचा प्रश्न विचारला. काकांनी खिशातून कागद काढला.  ते म्हणाले, "आदल्या वर्षी कुपा खूप आला. परवान्यांचे पैसे दुपटीनं आले. पुढच्या वर्षीही तेवढेच येतील, असा अंदाज मी लिहिला. हाताखालच्यांनी सांगितलं होतं, एवढं धरू नका. मी धरलं. त्या आकड्यावर सरकारनं लांबच्या बेटांवर शाळा उघडल्या, शिक्षक नेमले. त्या वर्षी पाणी तापलं. कुपा गेला. शिक्षकांना पाच महिने पगार नव्हता." हॉलमध्ये अजून हसणं चालूच होतं, कारण लोकांना सवय लागली होती. "माझा पगार मात्र वेळेवर यायचा," काका म्हणाले. "परदेशी तज्ज्ञांचा पगार दुसऱ्या देशाच्या मदतीतून होतो. एका शाळेच्या हेडमिस्ट्रेस स्वतःच्या झाडांवरचं फणसासारखं फळ उकडून सगळ्या शिक्षकांना जेवू घालत होत्या आणि मी बँकेत माझी स्लिप भरत होतो."

मला कळलं. इथं मी खोटं बोलणार नाही; मला तेव्हाच, तिथंच, पूर्ण कळलं. हा माणूस विनोदी आयटम करायला आलेला नाही, कबुली द्यायला आलाय, आणि ती द्यायची जागा त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळालीय. माइक माझ्या हातात होता. "जरा शांत राहा," एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. काका मंडळाच्या कॅमेऱ्याकडे वळले, त्या बाईंचं नाव घेतलं आणि इंग्रजीत त्यांच्याशी बोलायला लागले. आणि ते नाव तोंडातून निघतंय तोच मी माझी कोटी टाकली. "म्हणजे बघा मंडळी, कुप्यानं सरकारला मामा बनवलं!" इतकी पाठ केली होती, वाया घालवायची जिवावर आली. त्या संमेलनातला सगळ्यात मोठा हशा तो. काकांचे ओठ हलत राहिले आणि मग थांबले.

नंतर लोक त्यांच्या पाठीवर थाप मारत होते. काय टायमिंग आहे काका, तोड नाही. काका प्रत्येकाला थँक यू म्हणत होते. घरी येताना गाडीत मागे काकू आणि माझी मुलगी, पुढे काका. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "लोक का हसत होते?" मी म्हटलं, "तुमची सांगायची पद्धत मजेशीर आहे ना, काका." ते म्हणाले, "शेवटीही?" मी म्हटलं, "शेवटीही." मागून मुलगी हळूच म्हणाली, "मम्मा, स्टॉप." दुसऱ्या दिवशी काका दारात आले. त्या बाईंना पाठवायला रेकॉर्डिंग हवं होतं. समोर उभं राहून कधी जमलं नाही, निदान हे तरी त्यांच्यापर्यंत पोचावं, म्हणाले. मी रात्रीच ते तीनदा पाहिलं होतं. त्यात शेवटी फक्त माझा आवाज आणि हशा. मी म्हटलं, "रेकॉर्डिंग झालंच नाही हो काका, कॅमेरा बिघडला." ते म्हणाले, "असू द्या." त्यानंतर गाडीत बेटाचा विषय कधी निघाला नाही. मी मुद्दाम जहाजाचं विचारायचे, कांद्याचं विचारायचे. ते म्हणायचे, आता नाही आठवत.

गेल्या मार्चमध्ये कंपनीनं त्यांचा व्हिसा पुढे वाढवला नाही आणि दोघं कुडाळला गेली. शेजारची सीट रिकामी. जॅम तेवढाच, पण आता फार लांब वाटतो. मी ते रेकॉर्डिंग कान लावून, आवाज वाढवून कितीदा तरी ऐकलं, त्या बाईंचं नाव तरी कळावं म्हणून. आपणच शोधून काढू, पत्र लिहू. नावावरच माझी कोटी बसलीय. काकांना विचारायचं तर खोटं कबूल करावं लागणार. वर्षभर मी आज करू, उद्या करू करत राहिले. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

परवा शनिवारी केला फोन. काकांनी मुलीचं विचारलं, नवऱ्याचं विचारलं. मी म्हटलं, "काका, मी खोटं बोलले. रेकॉर्डिंग झालं होतं. पण तुमचं बोलणं माझ्या आवाजात बुडालंय. मला कळत होतं तुम्ही काय सांगताय ते, तरी मी बोलले."  ते म्हणाले, "कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू होता. मी त्याच्याकडेच तर बघत होतो." मी म्हटलं, "मग मला बोलला का नाहीत?" काका म्हणाले, "काय बोलणार? बेट सोडायच्या आधी मी तीनदा त्यांच्या शाळेच्या फाटकापर्यंत गेलो होतो. आत एकदाही नाही गेलो."

मला रडू आलं, ते त्यांना कळलंही असेल. मी मुलीचा फोन मागून घेतला, रेकॉर्डिंग चालू केलं, माझा फोन स्पीकरवर टाकून त्याच्याशेजारी ठेवला आणि म्हटलं, "काका, आता सांगा. आधी नाव." त्यांनी घसा साफ केला आणि एकेक अक्षर सुटं करून नाव सांगितलं. मग त्यांच्या त्या जुन्या, सरकारी इंग्रजीत ते त्या बाईंशी बोलायला लागले, मध्ये अडखळले, थांबले, पुन्हा सुरुवात केली. सगळं संपेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही.