किक मारायची की जायचं

ट्रॉयमध्ये आमच्यासाठी ऑक्टोबरचा शनिवार म्हणजे काकांचं बेसमेंट. काका म्हणजे इथल्या सगळ्या मराठी मंडळींचे काका, निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ. सगळी प्रॅक्टिस इथंच झाली, मुलं लांबच्या राज्यांत गेली, आणि घर आमच्यासारख्यांना मोकळं झालं. दुपारी अमेरिकन कॉलेज फुटबॉलची मॅच लागते. बायका वर किचनमध्ये, पुरुष खाली टीव्हीसमोर. खाली बसणारी बाई मी एकटी.

फुटबॉल मी हट्टानं शिकले. गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा सोमवारी जेवणाच्या टेबलावर दुसरा विषयच नसायचा, आणि मी डब्यात तोंड घालून बसायचे. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होते. आमच्या घरात डिग्री आणणारी मी पहिली. मला कळत नाही असं काही टेबलावर चाललंय, हे मला सहन होत नाही. दोन सीझनमध्ये मी त्या टेबलावर भांडायला लागले होते.

काकांचा एक नियम आहे. या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं असतं. चौथा फसला तर चेंडू जिथं असेल तिथंच समोरच्यांच्या हातात जातो. म्हणून चौथ्या वेळी बहुतेक संघ लांब किक मारून चेंडू दूर पाठवून मोकळे होतात, काही धाडस करून पुढं जातात. मॅच अटीतटीची होऊन चौथा प्रयत्न आला की काका रिमोटनं टीव्ही थांबवतात. सगळ्यांचे मोबाइल आधीच एका पातेल्यात जमा असतात, कारण फोनवर निकाल आधी येतो. मग प्रत्येकानं हात वर करून सांगायचं: किक मारायची की जायचं. कारण द्यायचं. मग टीव्ही सुरू. ज्यांचं चुकलं त्यांनी वर जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकायचा. वरच्या बायकांचा या नियमाला फार पाठिंबा आहे.

माझी मुलगी आमच्या राज्यातल्या मोठ्या विद्यापीठात आहे. गेली ती डॉक्टर व्हायला. काकांनीच ओळखीनं तिला सुट्टीत हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांच्या मागं फिरून काम बघायची सोय करून दिली होती. मग तिनं ते सोडलं आणि स्टॅटिस्टिक्स घेतलं. आणि गेल्या वर्षापासून ती विद्यापीठाच्या फुटबॉल टीममध्ये स्टुडंट ॲनालिस्ट आहे. कुठल्या परिस्थितीत काय केलं तर जिंकण्याची शक्यता किती, याचे तक्ते ती आणि आणखी काही मुलं मिळून कोचसाठी करतात.

कुणी विचारलं की मी म्हणायचे, डेटा सायन्स. खोटं नव्हतं ते. पुढचं मात्र गिळायचे. शनिवारी या खेळापायी घसा बसवणारी मी, पण मुलगी त्यात काम करते हे सांगायची लाज वाटायची. खेळ बघायचा असतो. त्यात नोकरी करायला का आम्ही पोटाला चिमटा काढून शिकलो?

त्या शनिवारी तिच्या विद्यापीठाची मॅच दुसऱ्या राज्यात होती. विद्यार्थ्यांपैकी थोड्यांनाच टीमबरोबर नेतात, तिचा नंबर लागला नव्हता. म्हणून ती घरी आली होती आणि आमच्याबरोबर काकांकडंही. मॅचच्या शेवटी आपण तीन गुणांनी पुढं होतो. मैदानाच्या मध्याजवळ चौथा प्रयत्न आला, दोन यार्ड हवे होते. काकांनी टीव्ही थांबवला.

सगळे हात किकला. मी तर उभी राहून भाषणच केलं, की अशा वेळी शाळेतलं पोरसुद्धा किक मारेल. जायच्या बाजूला एकच हात होता, गालिच्यावर बसलेल्या माझ्या मुलीचा.

"त्यांच्याकडे घड्याळ थांबवायला टाइमआउट आहेत," ती म्हणाली. "किक मारली तरी त्यांना बॉल मिळणारच. दोन यार्ड मिळाले तर बॉल आपल्याकडेच, गेम ओव्हर. दहातल्या सहा-सात वेळा मिळतात."

काकांनी कौतुकानं चष्मा वर केला. "बाळा, तुला हे इतकं कसं गं माहीत?"

तिनं माझ्याकडं बघितलं. सांगू का, असं ते बघणं होतं.

"वर्गात काहीतरी प्रोजेक्ट आहे तिचा," मी म्हणाले.

"हो काका," ती म्हणाली. "प्रोजेक्ट."

टीव्ही सुरू झाला. कोचनी जायचं ठरवलं. दोन यार्ड काही मिळाले नाहीत, समोरच्यांनी तिथूनच मुसंडी मारली आणि मॅच घेतली. मग मला कोण आवरणार? ज्या कुणी शहाण्यानं हे आकडे काढून दिले त्याला उद्या सकाळी घरी पाठवा, मी म्हणाले. सगळे हसले, म्हणून आणखी बोलले. कॅलक्युलेटर घेऊन कधी कबड्डी खेळलेत का, असंही काहीतरी. नियमाप्रमाणं ती चहा टाकायला वर गेली. ट्रे घेऊन खाली आली, प्रत्येकाला कप दिला, मलाही. मी प्यायले.

गाडीत नवरा रेडिओ लावून ड्राइव्ह करत होता. ती मागून म्हणाली, "आई, चार्टचं ते पान माझं होतं."

मला माहीत नव्हतं, मी म्हणाले.

"आय नो. पण मी तिथे काम करते, हे तुला माहीत होतं."

नवऱ्यानं रेडिओ बंद केला. 

पुढच्या शनिवारी मॅच घरच्या मैदानावर होती, ती स्टेडियममध्ये होती. पुन्हा शेवटच्या मिनिटांत चौथा प्रयत्न, पुन्हा टीव्ही थांबला. या वेळी मी जायच्या बाजूला हात वर केला. मला वाटलं, मी सुधारले. कोचनी जायचं ठरवलं, चेंडू पुरेसा पुढं गेला, आपण जिंकलो. बेसमेंटमध्ये नुसता गोंधळ. त्या गोंधळात मी उभी राहिले आणि सांगून टाकलं, की हे तक्ते माझी मुलगी करते.

काका बघतच राहिले. मग म्हणाले, अगं, मग सांगायचं नाही का एवढं. नागपूरचा एक आयटीतला मुलगा आमच्यात असतो, तो मला ताई म्हणतो. त्यानं लगेच, "ताई, तिकिटांचं जमेल का यार?" म्हणून विचारून घेतलं. काकूंनी वरून साखर आणली आणि माझ्या हातावर ठेवली. मी ती खाल्ली. आमच्या घरात पहिली डिग्री माझी, आणि आता ही, असंही मी बोलले. कुणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी फोनवर तिला हे सगळं सांगितलं. ती खूश होईल असं धरूनच चालले होते.

"आज का सांगितलंस?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, जिंकलो ना आपण.

"आज आमच्या चार्टवर किक होतं, आई. कोचनी ऐकलं नाही. लक चांगलं होतं, एवढंच. मागच्या वेळी आम्ही बरोबर होतो आणि हरलो. ते तू आपलं म्हणून सांगितलं नाहीस."

मी काकांना सांगू का, असं विचारलं.

"सांग. पण सांगायचं तर दोन्ही सांग."

तो आठवडा वाईट गेला. मला सारखे वडील आठवत होते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी माझा गणिताचा पेपर राहिला. सहीपुरतं शिकलेला माणूस, पण वडील विचारेल त्याला सांगत सुटले, पोरीचा एक विषय राहिलाय, ती परत बसणार आहे. चहाच्या गाड्यावर, कारखान्यात, माझ्या मावशीच्या सासरी. मी त्यांच्यावर चिडले होते. गप्प बसता येत नाही का, म्हणाले होते. गप्प बसायची विद्या आमच्या घरात मीच आणली.

शनिवारी मॅच सुरू व्हायच्या आधी, पातेलं फिरत असतानाच मी बोलायला लागले. आवाज माझा नेहमीचा नव्हता. जिंकलेला निर्णय तिचा नव्हता, तिच्या तक्त्यात किक होतं. हरलो तो तिचा होता. ज्याला घरी पाठवा म्हणाले, ती माझी मुलगी.

"म्हणजे तिचं ऐकलं की हरतो, आणि नाही ऐकलं की जिंकतो," नागपूरचा म्हणाला. "ताई, तिला समोरच्या टीममध्ये पाठवा ना मग." सगळे हसले. दोन आठवड्यांपूर्वी मीही हसले असते, सगळ्यांत मोठ्यानं.

काका हसले नाहीत. "ती मला प्रोजेक्ट म्हणाली होती," ते म्हणाले.

"मी म्हणायला लावलं, काका. मेडिकल सोडून फुटबॉलमध्ये गेली हे तुम्हाला कसं सांगायचं, तुम्ही तिच्यासाठी एवढं केलेलं."

त्यांनी रिमोट हातात घेतला, पण दाबला नाही. "मी तुला इतका लहान वाटलो का गं?"

खरं उत्तर हो असं होतं. मी खाली बघत बसले. त्यांनी टीव्ही लावला. त्या दिवशी मॅच एकतर्फी झाली, टीव्ही थांबवायची वेळच आली नाही, आणि निघताना काका दारापर्यंत आले नाहीत.

रात्री तिला जसंच्या तसं सांगितलं. नागपूरच्या मुलाचा विनोदही, काका काय म्हणाले तेही.

"मग तू काय म्हणालीस?"

काहीच नाही, मी म्हणाले.

"ओके," ती म्हणाली. मला वाटलं आता ठेवेल. तिनं ठेवला नाही. "तुला अजून वाटतं का, त्या दिवशी किक मारायला हवी होती?"

हो म्हणायला जीभ रेटत नव्हती. पण मला खरंच अजूनही तसंच वाटत होतं, आणि तिच्याशी आणखी एक खोटं बोलणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. हो, मी म्हणाले, मी किकच मारली असती.

"का?" तिनं विचारलं, आणि पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "नीट सांग. कारण दे."